पासून, पर्यंत आणि सात बँड

माझी बायको पुण्यात आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास घेते. धाकटी बहीण नर्स आहे. हीच परीक्षा देऊन ती इंग्लंडला गेली आणि आता तिथे मेडिकल वॉर्डवर असते. दोघींचं एरवी उत्तम जमतं. पण बहीण सुट्टीवर आली की वहिनीच्या नोट्स चाळते, आणि मग जेवलेले हात वाळले तरी वाद संपत नाही. या खेपेला तिच्या हाती ‘टाइम’ या विषयावरचा दोन पानी कागद लागला. टाइम फ्लाइज, किल टाइम, इन द निक ऑफ टाइम, वन्स इन अ ब्लू मून, टर्न बॅक द क्लॉक, अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर. प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि एकेक नमुन्याचं वाक्य. मी फारसा मधे पडलो नाही. झालं ते लिहितो आहे, आणि राहवलं नाही तिथे माझंही थोडं घुसडतो आहे.

“वहिनी, ब्लू मून वगैरे मी तिकडे गेल्यापासून एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही गं.”

“म्हणजे वन्स इन अ ब्लू मूनसुद्धा नाही?”

“हसू नकोस. हे पाठ करून पोरी परीक्षेला जातात, आणि पाठ केलेलं ओळखायला परीक्षकांना शिकवलेलंच असतं.”

“परीक्षकांना आणखीही काही शिकवलेलं असतं, वन्सं.” बायको चिडली की तिची ‘वन्सं’ सुरू होते, एरवी नावानेच हाक असते. “स्पीकिंगच्या गुणांचा तक्ता जाहीर आहे, कुणीही बघावा. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार असे चार रकाने, चारींना सारखं वजन. शब्दसंपदेत सात गुणांचा बँड हवा असेल तर कमी वापरातले शब्द आणि वाक्प्रचार थोडेफार यायला लागतात. हे मी नाही ठरवलं. परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. तेवढ्यात मुलीने आपल्याजवळ काय आहे ते दाखवायचं कसं?”

“त्याच ओळीत पुढे काय लिहिलंय? कुठला शब्द कशाशेजारी बसतो याची जाण दिसली पाहिजे. ते तुझ्या कागदावर कुठेय?”

“काही निवडी चुकल्या तर चालतात, हेही त्याच ओळीत आहे.”

चुकलेल्या निवडीचा नमुना घरातच होता. क्लासमधल्या एका मुलीचं सरावाचं बोलणं बायकोने फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मुलगी परभणीकडची, जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली, मराठी माध्यमातली. विषय होता घरातला एखादा प्रसंग. तिने सांगितलं की आजी अत्यवस्थ असल्याचा फोन आला, सगळे धावतपळत गावी पोचले, आणि आजी इन द निक ऑफ टाइम वारली. बहिणीने कपाळावर हात मारला. ऐन शेवटच्या क्षणी कुणी वाचलं, गाडी मिळाली, संकट टळलं, तर हा वाक्प्रचार. आजी त्यात बसत नाही.

“चुकली,” बायको म्हणाली, “पण बोलली. आली तेव्हा व्हेरी गुड, व्हेरी नाइसच्या पुढे गाडी सरकत नव्हती. तू सांगतेस भाषा ऐकून येते. हिने ऐकायची कुठे? घरात मराठी, वॉर्डात मराठी-हिंदी, बसमध्ये मोबाइलवरची गाणी. परीक्षा सहा आठवड्यांवर आलीय. फी भरायला कर्ज काढलंय. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये सात आणि रायटिंगमध्ये साडेसहा लागतात, हे तुला माहीतच आहे. या मुलीला मी काय सांगू, चार वर्षं बीबीसी ऐक?”

इथे मला बायकोचं पटलं. यादीला नावं ठेवणं सोपं असतं, विशेषतः आपलं काम झाल्यावर. बहिणीने परीक्षा दिली तेव्हा तिच्याही पिशवीत अशीच एक वही होती, ती मी पाहिली आहे. पण हे बोलून मी स्वतःवर ओढवून घेतलं नाही.

“यादी देऊ नकोस असं मी म्हणतच नाही,” बहीण म्हणाली. “तू ताटात चटणी, लोणचं, कोशिंबीर सगळं वाढलंस, भातच वाढला नाहीस, एवढंच माझं म्हणणं. लाव ते रेकॉर्डिंग परत. सुरुवातीचं.”

सुरुवातीचं म्हणजे पहिल्या भागातलं, जिथे परीक्षक चार-पाच मिनिटं घर, काम, शिक्षण असं साधं विचारतो. तुम्ही काय करता, या प्रश्नाला मुलीने झटकन उत्तर दिलं होतं: आय अ‍ॅम वर्किंग अ‍ॅज अ नर्स सिन्स थ्री इयर्स.

“ऐकलंस? पहिल्याच मिनिटात. तीन वर्षांपासून काम करतेय, त्याचं जसंच्या तसं इंग्रजी. आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. 2021 पासून म्हण, नाहीतर तीन वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, मधला काळ सांगायचा तर फॉर, आणि क्रियापदही बदलतं. हॅव बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स. तुझा एकही वाक्प्रचार यायच्या आधीच परीक्षकाने मनात काहीतरी लिहून टाकलं.”

“ते व्याकरण झालं. त्याचा कागद वेगळा आहे. सातव्या आठवड्यात येतो.”

“परीक्षा सहा आठवड्यांवर आहे म्हणालीस.”

बायको यावर काही बोलली नाही, ताक ओतायला उठली. सिन्स आणि फॉर हे व्याकरणाचे की शब्दसंग्रहाचे, हा प्रश्न मला तरी फिजूल वाटतो. शिकणाऱ्याच्या तोंडात ते शब्दच असतात, आणि दिवसातून शंभरदा लागतात. रकाने परीक्षकाच्या सोयीसाठी आहेत.

“आणि पर्यंत?” बहिणीला आता चेव चढला होता. “सोमवारपर्यंत रिपोर्ट दे, सोमवारपर्यंत थांब. आपल्याला एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला अन्टिल. नवीन होते तेव्हा हँडओव्हरला मी एका पेशंटबद्दल सांगितलं, नथिंग बाय सिक्स. मला म्हणायचं होतं, सहापर्यंत काही खायला द्यायचं नाही. पुढच्या पाळीची नर्स पेन हातात धरून बघतच राहिली. सहा वाजले तरी याने काही खाल्लं नाही, की सहापर्यंत द्यायचं नाही? तिने विचारलं म्हणून बरं. वॉर्डात न विचारणारेही असतात.”

“हे ग्राफलाही लागतं,” बायको परत येऊन बसत म्हणाली. वाद घालतानाही तिच्या डोक्यात क्लास चालू असतो. “रायटिंगच्या पहिल्या भागात 1990 ते 2020 असा आलेख आला की मुलं लिहितात, अन्टिल 2010 इट डबल्ड. बाय 2010 इट हॅड डबल्ड असं हवं. मी लाल पेनाने खुणा करून दमते.”

“मग तो लाल पेन या कागदावर का नाही फिरला?”

“कारण या कागदाचं काम वेगळं आहे. ऐक जरा. 2006 साली ऑक्सफर्डने आपल्या भल्याथोरल्या शब्दसंग्रहावरून सांगितलं, इंग्रजीत सर्वात जास्त वापरलं जाणारं नाम टाइम. पहिल्या पाचात इयर आणि डेसुद्धा. म्हणजे विषय मी उगाच निवडलेला नाही. आणि यादी अशीतशी केलेली नाही. गट बघ. स्पेंड, सेव्ह, वेस्ट, इन्व्हेस्ट, रन आउट ऑफ. इंग्रजी माणूस वेळेला पैशासारखं वागवतो. लेकॉफ आणि जॉन्सन या दोघांनी 1980 मध्ये अशा रूपकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. ही एक किल्ली मुलीला दिली की पाच-सहा क्रियापदं एकदम सुटतात, वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत. तू ज्याला भात म्हणतेस तो असा शिजतो.”

हे मात्र बहिणीलाही मान्य करावं लागलं. तिने कागद उलटसुलट करून तो गट शोधला आणि त्यातल्या स्पेंडवर बोट ठेवलं. “हे चांगलं केलंस. आपली मुलं सांगतात, आय पास माय टाइम विथ माय फॅमिली. टाइमपासचा परिणाम. सिनेमाच निघाला त्या नावाचा, मग काय. पण पास द टाइम म्हणजे वेळ जात नाही म्हणून काहीतरी करत बसणं. घरच्यांविषयी असं बोललं की समोरच्याला वाटतं, बिचारी कंटाळलीय घरात.”

दोघी जवळ येताहेत असं वाटेपर्यंत स्पीकिंगचा दुसरा भाग निघाला. या भागात कार्ड देतात, एक मिनिट टिपणं काढायला, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. खूप कार्डं एकाच साच्याची असतात: डिस्क्राइब अ टाइम व्हेन यू हॅड टु वेट. आमच्या परभणीच्या मुलीला टाइम म्हणजे वेळ एवढंच ठाऊक. तिने सुरुवात केली, माय टाइम वॉज मॉर्निंग. कार्डावर मागितला होता प्रसंग. बहिणीचं म्हणणं, टाइमच्या कागदावर हा अर्थ सगळ्यात वर हवा, कारण तो शब्द कार्डावरच छापलेला असतो. बायकोने तो लगेच पेन्सिलने वर लिहिला. तिची ही सवय मला आवडते, भांडताभांडता दुरुस्ती करून टाकते.

पण लगेच तिने उलटा डावही टाकला.

“साध्या शब्दांचं एवढं कौतुक करतेस, मग हेही ऐक.” तिने रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. मुलगी वॉर्डातला अनुभव सांगत होती. पेशंट तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, अ‍ॅट लास्ट पेशंट एक्स्पायर्ड.

बहीण गप्प झाली.

“अ‍ॅट लास्ट. एकदाचा गेला, सुटलो, असं ऐकू येतं ते. तिला म्हणायचं होतं शेवटी, आणि मराठीत शेवटी एकच. इन द एन्ड म्हणाली असती तर काही बिघडत नव्हतं. हा शब्द कुठल्या वाक्प्रचाराच्या यादीतला? पाचवीच्या पुस्तकातला आहे. म्हणजे घात साधा शब्दही करतो आणि निक ऑफ टाइमही करतो. दोष यादीचा नाही, वाक्य न ऐकता शब्द उचलण्याचा आहे.”

“तेच तर मी केव्हाची सांगतेय.”

“नाही. तू यादी फाड म्हणत होतीस.”

माझ्या मते हा मुद्दा बायकोने जिंकला. बहिणीने तो हरल्याचं कबूल केलं नाही, पण आवाज खाली आला आणि पुढचं ती शिकवल्यासारखी नाही, सांगितल्यासारखी बोलली.

“सर्वात जास्त गोंधळ माझा कशाने झाला असेल सांगू? आकड्यांनी. आपण म्हणतो आठ दिवसांनी ये, पंधरा दिवसांनी ये. आठ दिवस म्हणजे आठवडा, पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. आजचा दिवस धरून मोजतो ना आपण. फ्रेंच लोकही असंच म्हणतात, हे मला तिथल्याच एका डॉक्टरने सांगितलं. पण इंग्रज आजचा दिवस धरत नाही. एका म्हातारबाबांना डिस्चार्ज होता, मंगळवारच्या ओपीडीला परत यायचं होतं. मी आपलं सांगितलं, कम बॅक आफ्टर फिफ्टीन डेज. त्यांनी बोटं मोजली. म्हणाले, दॅट्स अ वेन्सडे, लव्ह. तो दिवसही मंगळवारच होता. मी हट्टाने मंगळवार म्हणतेय, ते बुधवार म्हणताहेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.”

“इन टू वीक्स म्हणायचं.”

“हो, आणि आफ्टर नाही, इन. दोन दिवसांनी येते, याचं आपली मुलगी आफ्टर टू डेज करते. इन टू डेज पाहिजे. किंवा सरळ फोर्टनाइट म्हणायचं. तिकडे रजा फोर्टनाइटची, औषधं फोर्टनाइटची, उठलं की फोर्टनाइट.”

“फोर्टनाइट आहे माझ्या कागदावर!” बायको जवळजवळ ओरडली. दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी होतं. पुढे पंधरवडा असा अर्थ. तिथे बहिणीने चौदा रात्री असं लिहिलं, कारण शब्दच त्यातून आला आहे, आणि अमेरिकेत हा फारसा चालत नाही असा शेराही मारला. तक्त्यातल्या कमी वापरातल्या शब्दांत हा मोजला जाईल की नाही यावर दोघींनी थोडा वेळ घालवला. माझा अंदाज, नैसर्गिकपणे आला तर ब्लू मूनपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

लिसनिंगबद्दल फारसं भांडण झालं नाही. तिथे बायकोची तयारी पक्की आहे. रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, आणि पहिल्या भागात फोनवरचा माणूस आधी साडेचार सांगून मग नाही नाही, सव्वापाच म्हणतो, हे ती मुलांकडून इतकं घोटून घेते की आमच्या शेजाऱ्यांनाही ते पाठ झालंय. बहिणीने एवढीच भर घातली की तिकडे साडेसातला नुसतं हाफ सेव्हन म्हणतात, मधला पास्ट खाऊन टाकतात. तिच्याबरोबर रुजू झालेली एक मुलगी सातातून अर्धा वजा करून साडेसहालाच वॉर्डाच्या दारात उभी होती. वॉर्डाच्या कागदोपत्री मात्र हे काही चालत नाही, तिथे चोवीस तासांचं घड्याळ, 19:30.

“मग हा टर्न बॅक द क्लॉक खोडू का?” बायकोने विचारलं. “मुलं लिहितात, इफ आय कुड टर्न बॅक द क्लॉक. मला स्वतःलाच वीट आलाय त्याचा.”

“खोड. आम्ही तर खरंच मागे नेतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजले की परत एक करायचा. रात्रपाळीवाल्यांची पाळी एका तासाने लांबते आणि त्या रात्री दीड दोनदा वाजतो. औषध दीडला दिलं असं लिहिलं की पुढची पाळी विचारते, पहिल्या दीडला की दुसऱ्या?”

“हे माझ्या मुलींना सांगायला हवं. स्पीकिंगच्या तिसऱ्या भागात वेळेविषयी काही विचारलं तर असलं काहीतरी बोलता आलं पाहिजे.”

“त्यांनी अजून पाहिलेलं नाही ना पण. त्यांना त्यांच्या वॉर्डातलं बोलू दे. रात्री दोनला लाइट गेली, जनरेटर वीस मिनिटांनी आला, तोवर काय केलं. बाय द टाइम द पॉवर केम बॅक, वी हॅड... हे आलं की झालं. टाइम आला, बाय आला, हॅड आला. आणि ते पाठ केलेलं वाटणार नाही, कारण ते घडलेलं आहे.”

बायकोने ते वाक्य नमुना म्हणून उतरवून घेतलं. मग यादीची छाटणी झाली. ब्लू मून आणि इलेव्हन्थ अवर गेले. ऑन टाइम आणि इन टाइम पहिल्या पानावर आले, कारण वेळेवर हा आपला शब्द दोन्ही कामं करतो आणि मुलं दोन्हीकडे ऑन लावतात: गाडी वेळेवर आली ती ऑन टाइम, पण गाडी चुकणार नाही अशा बेताने आपण पोचलो तर इन टाइम. टुडे मॉर्निंगच्या जागी धिस मॉर्निंग आणि यस्टरडे नाइटच्या जागी लास्ट नाइट, हे दोन बहिणीने ठळक अक्षरात लिहायला लावले. टू इयर्स बिफोरच्या जागी टू इयर्स अगो, तेही. निक ऑफ टाइम बायकोने हट्टाने ठेवला. म्हणाली, मुलीने तो एकदा चुकवलाय, आता ती तो आयुष्यात विसरायची नाही, ती चूक वाया का घालवू? बहिणीला हे काही पटलं नाही. मला पटलं, पण माझं मत कुणी विचारत नव्हतं.

शेवटचा खटका उडाला प्रीपोनवर. बहिणीने तो न विचारताच खोडला.

“हा का खोडलास? आपल्याकडे सगळे म्हणतात. डिक्शनरीतही आहे.”

“आहे, इंडियन असा शेरा मारून. परीक्षक समजून घेईल, पण वॉर्डात कोरे चेहरे बघायला मिळतील. ब्रिंग फॉरवर्ड शिकव.”

“आणि मूव्ह फॉरवर्ड?”

“ते नको. बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली म्हटलं तर काही लोक सोमवारी येतील आणि काही शुक्रवारी. त्यांचं त्यांनाच एकमत नाही.”

“मग तिकडे करतात काय?”

“वार विचारतात.”

“म्हणजे तुमच्या इंग्रजांना जे जमलं नाही ते आमच्या प्रीपोनला जमतं,” बायको म्हणाली, आणि खोडलेला शब्द तिने शेजारी परत लिहिला.